गाडी कुठली ते नंतर, पैसा कधी येतो ते आधी

पाडवा तोंडावर आला की माझ्या फोनवर दोन प्रकारचे कॉल वाढतात. एक, "शुभेच्छांची जाहिरात कितीला टाकता?" आणि दुसरा, "भाऊ, चारचाकी घ्यायचीय, कुठली घेऊ?" पत्रकाराला सगळ्यातलं सगळं कळतं असा आपल्याकडं एक समज आहे. तो मोडायचा प्रयत्न मी आता सोडून दिलाय.

पण गाडीच्या बाबतीत मी उलटा एकच प्रश्न विचारतो. "तुझ्याकडं पैसा कधी येतो?" किती येतो, हे विचारत नाही. कधी येतो? बऱ्याच जणांना याचा राग येतो. त्यांना मायलेज, सनरूफ, टचस्क्रीन यावर बोलायचं असतं आणि हा गडी खिशात हात घालतोय असं वाटतं. तरी मी विचारतो, कारण आपल्या भागात गाड्या मायलेजमुळं दारातून जात नाहीत, हप्त्यामुळं जातात.

कुर्डुवाडीत दोन गावं आहेत, हे इथं राहणाऱ्याला सांगायला नको. एक रेल्वेचं. १८९७ ला बार्शी लाईटची छोटी गाडी इथून बार्शीला निघाली तेव्हापासून, म्हणजे आपलं स्टेशन 'बार्शी रोड' म्हणून ओळखलं जायचं तेव्हापासून, हे गाव पगारावर वाढलं. स्टेशन, वर्कशॉप, रेल्वे कॉलनी. महिना संपला की खात्यावर पगार जमा. दुसरं गाव आजूबाजूचं, उजनीच्या आणि सीनेच्या पाण्यावरचं. ऊस, केळी, डाळिंब, थोडंफार दूध. इथं पैसा येतो तो पावसाळ्यासारखा. येतो तेव्हा एकदम येतो, नाही तेव्हा नाही.

शोरूममधला सेल्समन मात्र दोघांना एकच कागद देतो. "दादा, फक्त अकरा हजाराचा हप्ता."

आता हा 'फक्त' जरा उलगडून बघू. समजा सात लाखाचं कर्ज, साडेनऊ टक्के व्याज, सात वर्षं. हप्ता बसतो ११ हजार ४४० च्या आसपास. सात वर्षांत तुम्ही भरता ९ लाख ६१ हजार. म्हणजे २ लाख ६१ हजार नुसतं व्याज. तेच पाच वर्षांत फेडलं तर हप्ता १४ हजार ७०० होतो, पण व्याज १ लाख ८२ हजारावर थांबतं. दोन वर्षं जास्त घेतल्याची किंमत जवळपास ऐंशी हजार. आणि सात वर्षांच्या कर्जाची पाच वर्षं भरून झाल्यावरही तुमच्या डोक्यावर अडीच लाख शिल्लक असतात. तोवर विम्याच्या कागदावर गाडीची किंमत अर्धी झालेली असते. बाजार तर त्याहून निर्दयी.

हेच आता उसात मोजा. या हंगामाची एफआरपी सव्वादहा टक्के उताऱ्याला टनाला ३५५० रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक जाते. समजा हातात २८०० पडले. वर्षाचे बारा हप्ते होतात १ लाख ३७ हजार, म्हणजे ४९ टन ऊस. एकरी चाळीस टन धरला तर सव्वा एकर रान सात वर्षं नुसतं गाडीसाठी राबणार. यात खत नाही, बेणं नाही, लाईट बिल नाही, सोसायटीचं कर्ज नाही. पेट्रोलही नाही.

बरं, ते ४९ टनाचे पैसे तरी वेळेवर येतात का? १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो की ऊस कारखान्याला गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दरानं व्याज द्यायचं. कायद्यात हे स्वच्छ लिहिलंय. हे १५ टक्के व्याज प्रत्यक्ष हातात मिळालेला शेतकरी भेटला की मला कळवा, मी पहिल्या पानावर त्याचा फोटो छापायला तयार आहे. पण तुमचा हप्ता पाच तारखेला एक दिवस चुकला की बाउन्सचा दंड, दुसऱ्या दिवसापासून फोन आणि सिबिलवर डाग. कारखान्यानं उशीर केला तर ती 'अडचण' असते आणि तुम्ही केला तर तुम्ही 'डिफॉल्टर'.

हे नीट कळलेला एक धंदा आहे, ट्रॅक्टरचा. ट्रॅक्टरचं कर्ज देताना बँका सहामाही किंवा वार्षिक हप्ता बांधून देतात, कारण पैसा सुगीला येतो हे त्यांना माहीत आहे. मग त्याच माणसाला, त्याच सातबाऱ्यावर, कारसाठी महिन्याचा हप्ता का? काही फायनान्सवाले मागितलं तर तिमाही, सहामाही हप्ता करून देतात. आपण मागत नाही आणि शोरूममधला तो विषय स्वतःहून काढत नाही. पाडव्याला गाडी काढणाऱ्या शेतकऱ्याच्या पोरानं एवढं एक वाक्य शोरूममध्ये बोलावं: "सहामाही हप्ता मिळत असेल तर बोलू." समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

ट्रॅक्टर म्हणल्यावर २०१० ची गोष्ट आठवते. ऑक्टोबर महिना, तेव्हाचं औरंगाबाद. तिथल्या उद्योजक, बिल्डर, डॉक्टर, वकील अशा मंडळींनी गट करून एकाच वेळी १५० मर्सिडीज खरेदी केल्या. पासष्ट कोटींचा सौदा. देशभर बातम्या झाल्या, मराठवाडा जागा झाला म्हणून कौतुक झालं. त्यातली बरीचशी रक्कम बँकेच्या कर्जातून आली, तीही सात टक्क्यांच्या आसपासच्या दरानं. पी. साईनाथ यांनी नंतर यावर लिहिताना ट्रॅक्टरचं व्याज शेजारी मांडलं. ते जवळपास दुप्पट होतं. शेतात राबणाऱ्या गाडीला जास्त व्याज आणि क्लबसमोर उभ्या राहणाऱ्या गाडीला कमी. बँकेचं म्हणणं सोपं असतं, एकगठ्ठा व्यवहार, बडे ग्राहक, बुडण्याचा धोका कमी. धंदा म्हणून ते बरोबरही असेल. पण दीडशे जण एकत्र आले की बँक दर खाली आणते, ही गोष्ट आपल्या गावातल्या एकानंही उचलली नाही याचं मला जास्त आश्चर्य वाटतं. पाडव्याला एकाच शोरूममधून आपल्या पंचक्रोशीत किती गाड्या येतात बघा. दहा जण एकत्र गेले असते तर? पण आपण तर शेजाऱ्याच्या आधी गाडी आली पाहिजे म्हणून घेतो, त्याच्याबरोबर कुठं घेणार?

आता कुणी म्हणेल, परवडत नसेल तर घेऊ नये, एवढं काय पुराण लावलंय? हे बोलणं सोपं आहे. गाडी हौसेनं घेतात असं शहरातल्या लोकांना वाटतं. आपल्या तालुक्यात ती बऱ्याचदा लग्नासाठी घेतात.

२०२२ च्या डिसेंबरमध्ये सोलापुरात निघालेला मोर्चा आठवतो का? मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून, बँड लावून पोरं कलेक्टर कचेरीवर गेली होती, आम्हाला बायको मिळत नाही म्हणून. लोक हसले. चॅनेलवाल्यांनी गंमत म्हणून दाखवलं. त्या घोड्यांवर बसलेली पोरं काय सांगत होती ते मात्र गमतीचं नव्हतं. शेती करतो म्हणलं की सोयरीक पुढं सरकत नाही. मध्यस्थ आधी विचारतो, नोकरी हाय का? नाही. पुण्यात फ्लॅट? नाही. मग निदान दारात चारचाकी? तिथं बाप गप्प होतो आणि दुसऱ्या आठवड्यात शोरूमला जातो. बायोडाटामध्ये 'बागायती १० एकर' च्या खाली 'स्वतःची फोर व्हीलर' ही ओळ आली पाहिजे म्हणून सात वर्षांचं कर्ज. माझ्या माहितीतल्या एका घरात लग्न ठरलं, झालं, आणि वर्षाच्या आत गाडी विकली. सूनबाई आजही विचारतात, ती पांढरी गाडी पाव्हण्यांची होती का?

त्यामुळं मी कुणाला "घेऊ नको" असं तोंडावर सांगत नाही. तो अधिकार मला नाही. टाटांची नॅनो आठवा. २००८ मध्ये रतन टाटांनी लाखाची गाडी म्हणून दाखवली, ती स्कूटरवर चार जण बसणाऱ्या कुटुंबासाठी होती. हिशेबानं बघितलं तर आपल्या भागाला तिच्यासारखी दुसरी गाडी नव्हती. पण तिच्यावर 'स्वस्त' असा शिक्का बसला आणि स्वस्त गाडी दारात लावून सोयरीक जुळत नाही. २०१८ नंतर ती बनलीच नाही. त्याच काळात आपल्याकडं जुन्या स्कॉर्पिओंना मात्र मागणी वाढत गेली. आठ-दहा वर्षं वापरलेली, डिझेल पिणारी, पण उंच आणि पांढरी. पुढाऱ्याच्या ताफ्यात मिसळून जाईल अशी.

मग माझं मत काय? ज्याला पगार आहे त्यानं नवी छोटी पेट्रोल गाडी घ्यावी, पाच वर्षांच्या वर कर्ज काढू नये. ज्याचा पैसा हंगामाचा आहे त्यानं चार-पाच वर्षं वापरलेली छोटी गाडी घ्यावी, शक्यतो उसाच्या बिलातून रोखीनं, आणि उरलेल्या पैशातून विमा आणि टायर नीट करावेत. पुण्याला वर्षातून चार वेळा जायचं असेल तर आपल्याला जंक्शन आहे, रेल्वेनं जावं. गाडी दवाखान्यासाठी, रात्री-अपरात्रीसाठी, म्हाताऱ्या माणसांसाठी ठेवावी. पूर्वी रात्री कुणाला दुखायला लागलं की वडापवाल्याचं दार वाजवायला लागायचं. ते दिवस मी बघितलेत, त्यामुळं चारचाकी म्हणजे चैन असं मी कधीच म्हणणार नाही.

डिझेलचा मोह टाळा. एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स आलं, तेव्हापासून डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी सलग वेगात पळावी लागते. घर ते बाजार, बाजार ते शाळा अशी गाडी फिरवली की तो तुंबतो आणि खर्चात पाडतो. रोज सोलापूर-पुणे करणाऱ्याची गोष्ट वेगळी. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल आहे, तेही बरंचसं आपल्याच उसातून. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून मायलेज थोडं उतरतं. म्हणजे ऊस आपलाच आणि कमी झालेलं मायलेजही आपलंच. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्या या पेट्रोलसाठी तयार करूनच येतात. जुनी घेताना निदान रबरी पाइप तपासून घ्या.

गेल्या वर्षी २२ सप्टेंबरला, घटस्थापनेदिवशी, छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. पेपरमध्ये पानभर जाहिराती. त्याच आठवड्यात सीनेला असा पूर आला की दारफळ, उंदरगावसारख्या गावांत पाणी शिरलं, माणसं बोटीनं काढावी लागली आणि लांबोटीजवळ सोलापूर-पुणे हायवे बंद पडला. एकाच पानावर वर पुराचा फोटो आणि खाली 'स्वप्नातली गाडी आता आणखी स्वस्त'. पान लावताना मला कसंतरीच झालं होतं.

त्या पुरात उभ्या गाड्याही बुडाल्या. आता सहा महिन्यांनी त्यातल्या काही धुऊन-पुसून बाजारात आल्या असतील, इथं नाही तर दुसऱ्या जिल्ह्यात. म्हणून जुनी गाडी बघताना एक करा. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. पट्ट्याच्या आतल्या भागावर गाळाची रेघ दिसली तर चहा पिऊन परत या. सीटखालची लोखंडी पट्टी गंजलीय का, मॅटखाली कुबट वास येतो का, तेही बघा. आणि आपली स्वतःची गाडी कधी पाण्यात उभी राहिली तर चावी फिरवू नका. पाणी ओढलेलं इंजिन चालू करायला गेलं की ते फुटतं आणि साध्या विम्यात ते नुकसान बहुतेक वेळा बसत नाही, त्यासाठी इंजिनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं.

नवी घेणाऱ्यांसाठी एवढंच, की शोरूमचा विमा घ्यायलाच पाहिजे असं कुठंही लिहिलेलं नाही. बाहेरून दर काढून आणा आणि समोर ठेवा. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला राज्याचा रोड टॅक्स ११ टक्के आहे, तो सुटत नाही. पण 'हँडलिंग', 'लॉजिस्टिक' असल्या नावाखाली जे काही लावलेलं असतं ते कशाचं, असं विचारून पावती मागा. पावती मागितली की ती ओळ बऱ्याचदा आपोआप खोडली जाते.

सुरक्षिततेवर आपल्याकडं कुणी फोन करत नाही, म्हणून मीच सांगतो. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपनं भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्या, एअरबॅग नसलेल्या मॉडेलच्या, चाचणीसाठी आदळल्या. मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेत पाचही गाड्यांना शून्य तारे. त्यानंतर हळूहळू नियम बदलले. जुलै २०१९ पासून ड्रायव्हरपुढची एअरबॅग सक्तीची झाली, जानेवारी २०२२ पासून शेजारच्या सीटपुढचीही. जुनी गाडी शोधताना वीस-तीस हजार जास्त गेले तरी या तारखांच्या अलीकडची बघा. आणि मागं बसणाऱ्यांनी पट्टा लावा. सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ गेले, ते मर्सिडीजमध्येच. मागं बसलेल्या दोघांनी पट्टा लावला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. ते दोघं गेले, पुढं बसलेले दोघं वाचले. आपल्याकडं मागच्या सीटचा पट्टा सीट कव्हरखाली गेलेला असतो. कव्हर बसवणाऱ्याला तो वर काढायला सांगायचं एवढंच काम आहे.

राहिला कागदाचा विषय. हा सगळ्यात कंटाळवाणा, पण मला बातम्यांमध्ये सगळ्यात जास्त भेटणारा. गाडी विकली, पैसे मोजून घेतले, चावी दिली, "नावावर करायचं नंतर बघू, घरचाच माणूस हाय." मग ती गाडी दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं, तिसऱ्याकडून चौथ्याकडं. एके दिवशी टेंभुर्णीच्या पुढं कुणाला तरी ठोकते, विमा संपलेला असतो आणि भरपाईची नोटीस येते ती तुमच्या दारात, कारण आरसी बुकवर नाव तुमचं. २०१८ साली सुप्रीम कोर्टानं हे स्पष्ट केलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक. गाडी दिल्याची चिठ्ठी, स्टॅम्प पेपर, साक्षीदार असं काहीही दाखवलं तरी त्यानं जबाबदारी सुटत नाही. नोटीस आलेली अशी माणसं मी बघितलीत. एकाचं वय सत्तरच्या पुढं होतं आणि त्यानं ती जीप कुणाला दिली हेही त्याला धड आठवत नव्हतं.

तेव्हा या पाडव्याला जुनी गाडी देऊन नवी घेणार असाल, तर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून शोरूमवर सोडून येऊ नका. कर्ज फिटलेलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लावून आरसीवरचा बोजा उतरवून घ्या. महिन्याभरानं परिवहनच्या साइटवर गाडी नंबर टाका आणि मालकाचं नाव बदललं का ते बघा. तुमचंच दिसत असेल तर पाव्हणा असो नाहीतर मित्र, त्याला घेऊन अकलूजला आरटीओत जा. जेवणाचा खर्च तुम्ही करा.